निवडणारा हात

मरायला हव्या होत्या त्या अळ्या सकाळी खुशाल फिरत होत्या.

भिंगरीने उबदार कपाटातून डबी काढली, झाकण उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. एरवी ही पोरगी एका जागी उभी म्हणून राहत नसे. प्रयोगशाळेत तिला भिंगरी हे नाव पडलं होतं ते त्यामुळेच. बाईंनी दारातून तिची पाठ पाहिली आणि काय झालं असेल ते ओळखलं.

"किती मेल्या?"

"एक," भिंगरी मागे न वळता म्हणाली. "तीसुद्धा बहुतेक कंटाळून."

बाईंनी पिशवी खुंटीला अडकवली, चष्मा बदलला आणि वाकून पाहिलं. डबी त्यांनी उचलली नाही. अलीकडे त्या कुठलीच वस्तू डोळ्यांसमोर धरून पाहत नसत. मेलेली मेणअळी काळी पडते, शाईत बुडवून काढल्यासारखी. डबीत तशी एकच होती. बाकीच्या साऱ्या साईच्या रंगाच्या, गुबगुबीत, एकमेकींच्या अंगावरून चढत होत्या.

"यीस्ट जुनं झालं असेल."

"नाही ना, बाई. तेच यीस्ट बरणीतून सरळ उचललेल्या चार अळ्यांना टोचलं होतं, नुसत्या खात्रीसाठी. त्या बघा." शेजारच्या डबीत चार काळ्या रेघा पडल्या होत्या. "यीस्ट चांगलं जहाल आहे. ह्यांनाच काही होत नाही."

बाईंना निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. विभागाने त्यांच्याकडे खिडकीजवळचं एक टेबल, एक उबदार कपाट आणि मेणअळ्यांच्या बरण्या तेवढ्या राहू दिल्या होत्या. ह्या अळ्या मुळात मधमाश्यांच्या पोळ्यावर पडतात आणि मेण खातात; इथे बरणीतल्या गोड भुशात त्या सुखाने वाढत. "बाई आहेत तोवर अळ्या आहेत," असं विभागप्रमुख पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे हसत. बाईही हसत, पण ते वाक्य उलटं केलं तरी तितकंच खरं आहे हे त्यांना ठाऊक होतं. अळ्या होत्या तोवर त्या होत्या.

त्या शिकत होत्या तेव्हा पुस्तकात शरीराच्या दोन फौजा असत. एक हुशार फौज. ती एकेका शत्रूचा चेहरा पाठ करते आणि वर्षानुवर्षं विसरत नाही. लस टोचतात ती तिच्या भरवशावर. दुसरी म्हणजे दारावरचे पहारेकरी. येईल त्याच्यावर तुटून पडायचं, गिळायचं आणि चार दिवसांत मरून जायचं. त्यांना आठवण नाही, असं पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. बाईंनी वर्गात उभं राहून विचारलं होतं, "सर, रोज चोर धरणारा पहारेकरी काहीच कसा शिकत नाही?" सरांनी खडू खाली न ठेवता सांगितलं, "शिकायला जगावं लागतं. तो जगत नाही. बसा." सगळा वर्ग हसला होता. बाईंच्या पोलक्याचा त्या दिवशीचा रंगसुद्धा त्यांच्या लक्षात होता.

पुढे खूप वर्षांनी जगाने आपलं म्हणणं फिरवलं. पहारेकऱ्यांनाही आठवण असते, असं एकेक जण लिहू लागला. चेहऱ्यांची नव्हे. कोण आलं होतं ते त्यांना सांगता येत नाही. पण एकदा चकमक झाली की त्यांची झोप सावध होते, आणि पुढचा धक्का, मग तो कुणाचाही असो, ते अधिक जोराने परतवतात. ते स्वतः मरतात हे खरं. पण हाडांच्या आतल्या ज्या मगजात ते जन्मतात त्यालाच ती सवय लागते, आणि नवे पहारेकरी जन्मतात ते कान टवकारूनच. हे वाचलं तेव्हा बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या. सर तोवर गेले होते. कुणाला तरी "बघा" म्हणायचं राहूनच गेलं.

म्हणून त्यांनी अळी धरली. अळीत हुशार फौज नसतेच. असतात ते फक्त पहारेकरी. तेव्हा अळीला काही आठवलं, तर ते त्यांनाच आठवलं.

भिंगरीचा प्रयोग तसा साधा होता. काही अळ्यांना आधी मेलेलं यीस्ट टोचायचं. त्याने अपाय होत नाही, पण पहारेकरी जागे होतात. काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, ह्या कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेपुरत्या. मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा आणि मग सगळ्यांना जिवंत यीस्ट. जाग्या झालेल्या जगतात, मिठाच्या पाण्यावाल्या मरतात. दोन्हींतला फरक म्हणजे आठवण. फरकच पडला नाही तर आठवण आहे असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? प्रबंध तिथेच आटोपला.

कंट्रोलच्या अळ्या बाई स्वतः निवडत. तो त्यांचा जुना नियम होता आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाने त्यावर नाक मुरडलं होतं. विद्यार्थ्याला आपला प्रयोग साधावा असं वाटत असतं. त्याच्या नकळत मरतुकड्या अळ्या कंट्रोलमध्ये जातात आणि टुणटुणीत अळ्या दुसरीकडे. म्हणून निवड तिऱ्हाइताची. बाई बरणीतून पाचसहा अळ्या उजव्या तळव्यावर घेत, बोटं हलकेच मिटत आणि चांगला वेळ धरून ठेवत. "अळी डोळ्यांना कळत नाही, तळव्याला कळते," असं त्या म्हणत. मग एकेक चांगली अळी डबीत सोडत.

"बाई," भिंगरीने डबीचं झाकण लावलं. "मी सोमवारी विभागप्रमुख सरांना सांगणार आहे. विषय सोडते."

"का म्हणून?"

"माझा हात वाईट आहे म्हणून. मिठाचं पाणी टोचताना मी त्यांना इतकं दुखावते की त्या दुखण्यानेच पहारेकरी जागे होतात. दुसरं काय असणार? पहिल्या फेरीत किती सुंदर फरक होता, आठवतं? मग दर फेरीला कमी कमी होत गेला. लोकांचा हात सरावाने सुधारतो. माझा बिघडतोय." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "तुम्हीच म्हणाला होतात, भाजी चिरत नाहीयेस, हात हलका ठेव."

बाई तसं म्हणाल्या होत्या. एकदा नव्हे, दोनदा.

"सोमवारपर्यंत तोंड बंद ठेव," त्या म्हणाल्या. "मला विचार करू दे."

"तुम्ही किती विचार केलात तरी माझा हात तोच राहणार," भिंगरी म्हणाली, आणि बरण्यांतला भुसा बदलायला निघून गेली.

घरी धाकटी बहीण शिवणयंत्रावर बसली होती. दोघी बहिणींचं ते घर. नवरे आपापल्या वेळी गेले, मुलं आपापल्या दिशांना गेली, आणि उरलेल्या दोघींनी एक स्वयंपाकघर पुरतं म्हणून एकत्र राहायचं ठरवलं. धाकटी शेजारपाजारचे कपडे शिवे आणि शिवता शिवता सगळ्या जगाचा समाचार घेई.

"ताई, ती टाचण्यांची डबी दे गं जरा. बोलू नकोस माझ्याशी, गळा कापतेय." ती कापडाचा गळा कापत होती.

बाईंनी पत्र्याची डबी उचलून पुढे केली. आत टाचण्या किणकिणू लागल्या.

"अगं, डबी मागितली, खुळखुळा नाही," धाकटी म्हणाली, आणि म्हटल्या म्हटल्या तिने जीभ चावली. कात्री खाली ठेवून ती ताईच्या हाताकडे पाहत राहिली. "वाढलंय."

"काही वाढलं नाही. दमलेय."

"बाबांचाही उजवाच होता."

ह्यावर बोलायचं नाही असं दोघींमध्ये न ठरवता ठरलेलं होतं. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. गावात निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या, आणि अक्षर असं की माणसं दुकानात शिरण्याआधी क्षणभर पाटीकडे बघत. मग त्यांचा हात थरथरू लागला. त्यांनी तो काठीवर टेकवला, कोपर बांधून पाहिलं, सकाळचंच काम घेऊन पाहिलं. अक्षर वाकडं आलं की ते ब्रशांना शिव्या घालत. आणि ब्रश धुण्याचं काम मोठीचं होतं.

"किती रडायचीस तू," धाकटी म्हणाली. "मागच्या पायरीवर बसून तेच तेच ब्रश पुन्हा धुवायचीस. बोटांची सालं निघाली होती. मी सांगायचे, ताई, ब्रश चांगले आहेत. तुला पटायचंच नाही."

"बाबा म्हणायचे ना, केस चिकटलेत म्हणून."

"बाबा काहीही म्हणायचे. त्यांना हात म्हणायचा नव्हता."

बाईंनी डबी अजून धरलेलीच होती. त्यांनी ती कानाशी नेली.

"काय ऐकतेस? टाचण्या बोलायला लागल्या की काय?"

"हो," बाई म्हणाल्या. "गप्प बस जरा."

आत टाचण्या नाचत होत्या. एकही जागेवर नव्हती. बाईंनी डबी टेबलावर ठेवली तसा आवाज थांबला. पुन्हा उचलली तसा सुरू झाला. पाचसहा अळ्या तळव्यावर, वर मिटलेली बोटं, आणि चांगला वेळ धरून ठेवलेली मूठ. आपल्याला ते हलकं धरणं वाटत होतं. पण आत असणाऱ्याला काय वाटलं असेल? अंधारात सगळीकडून धरणीकंप. कीटकाचे पहारेकरी नुसत्या शत्रूने जागे होत नाहीत. हादऱ्याने होतात, उष्णतेने होतात, भुकेनेही होतात. हे त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून पोरांना शिकवलं होतं. आणि भिंगरीने खात्रीसाठी बरणीतून सरळ उचललेल्या चार अळ्या बाईंच्या मुठीत कधी आल्याच नव्हत्या. त्या मेल्या होत्या.

फरक दर फेरीला कमी होत गेला, असं पोरगी म्हणाली होती. हाताचा कंप दर फेरीला वाढत गेला होता.

"चहा टाकू का?" धाकटीने हळूच विचारलं.

"नको. तू तुझा गळा काप."

रविवारभर बाई खिडकीशी बसून होत्या. एक वाट फार सोपी होती. सोमवारी जाऊन म्हणायचं, माझं वय झालं, आता कंट्रोल तूच निवड. पुढच्या फेरीत फरक आपसूक परत येईल, विषय सुटणार नाही, कुणाला काही कळणार नाही, आणि टेबल आपलं आपल्याकडे राहील. हात थरथरतो म्हणून माणसाची जागा जाते हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. बाबांना कुणी जा म्हटलं नव्हतं. लोक फक्त पाट्या दुसरीकडे देऊ लागले. घरी बसल्यावर बाबा फार दिवस राहिले नाहीत.

पण मागच्या फेऱ्या? त्या कुणाच्या हातावर लिहायच्या? भिंगरी जन्मभर समजणार की आपला हात वाईट होता आणि देवाच्या कृपेने कसाबसा सुधारला. प्रत्येक सुई उचलताना तिला ती भाजी आठवणार. बाईंना मागची पायरी दिसली, ओले ब्रश दिसले, आणि त्यांनी स्वतःशीच मोठ्याने म्हटलं, "छे."

"काय छे?" आतून धाकटी.

"काही नाही. ब्रश चांगले होते."

"आता पटलं होय? साठ वर्षं घेतलीस!"

सोमवारी त्या भिंगरीच्या आधी पोहोचल्या. ती आली ती मनाशी भाषण जुळवत, हे तिच्या ओठांवरूनच कळत होतं.

"बस. हात पुढे कर. तळवा वर," बाई म्हणाल्या.

"बाई, मी सरांकडे जाऊन..."

"सर कुठे पळून जात नाहीत. डोळे मीट. आता तू अळी आहेस."

भिंगरीने डोळे मिटले. बाईंनी आपला उजवा हात तिच्या तळव्यावर ठेवला आणि बोटं तिच्या बोटांभोवती मिटली, अळ्यांभोवती मिटत तशी. कोपर टेकवलं नाही, डाव्या हाताने आधार दिला नाही. हात त्याला हवं तसं करू दिला. असा तो त्यांनी स्वतःलाही कधी पाहू दिला नव्हता.

"मला माहीत आहे, बाई," थोड्या वेळाने भिंगरी डोळे मिटूनच म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"हात. सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून तर तुमचा कप मी अर्धाच भरते."

"आणि मला वाटत होतं, तू चिक्कू आहेस."

भिंगरी हसली, आणि मध्येच हसायची थांबली. तिने डोळे उघडले. बाईंच्या मिटलेल्या बोटांकडे पाहिलं, मग बरणीकडे, मग पुन्हा बोटांकडे. ती जागची उठली नाही.

"कंट्रोल तुम्ही निवडता," ती म्हणाली.

"हो."

"मुठीत धरून."

"हो. तुझा हात ठीक आहे, पोरी. भाजीचं बोलले ते मी परत घेते. पण मी म्हणते म्हणून मानू नकोस. मलाही अजून खात्री नाही. आपण बघू."

सरांकडे जायचं राहिलं. त्याच दिवशी दोघींनी डब्या लावल्या. एकाच बरणीतल्या अळ्या; निम्म्या बाईंनी मुठीत धरून निवडल्या, निम्म्या भिंगरीने चमच्याने उचलून. सगळ्यांना मिठाचं पाणीच, आणि टोचणारी एकटी भिंगरी. कोणती डबी कुणाची हे टोचताना तिला कळू नये म्हणून खुणा डब्यांच्या तळाशी केल्या आणि डब्यांची अदलाबदल करायला शिपाईमामांना बोलावलं. मामांनी डब्या पुढ्यात ओढल्या आणि पत्ते पिसावेत तशा भराभर फिरवायला घेतल्या.

"मामा, हळू!" दोघी एकदमच ओरडल्या.

"अळ्याच आहेत ना?" मामा दचकून म्हणाले. "मला वाटलं, स्फोटकं आहेत."

घाबरून त्यांनी त्या इतक्या सावकाश सरकवल्या की सगळ्यांचा जेवायचा वेळ गेला. मधला एक दिवस तसाच जाऊ दिला, आणि मग भिंगरीने सगळ्या अळ्यांना जिवंत यीस्ट टोचलं.

निकालाच्या सकाळी कपाट बाईंनी उघडायचं की भिंगरीने, ह्यावरून जरा ओढाताण झाली. शेवटी भिंगरीने उघडलं. झाकणं एकेक करून निघाली. काही डब्या काळ्या पडल्या होत्या. काहींत साईच्या रंगाची वळवळ होती. दोन्हींत घोटाळा व्हावा असं काही नव्हतं. त्या क्षणी बाईंच्या मनात एक वेडी आशा डोकावून गेली: तळाच्या खुणा उलट्या निघाव्यात, हात निर्दोष सुटावा. भिंगरीने डब्या वर धरून तळ पाहिले. जिवंत होत्या त्या बाईंच्या होत्या. एखाददुसरी सोडली तर सगळ्या.

भिंगरीला आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे तिला सुचत नव्हतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"हस की गं," बाई म्हणाल्या. "तुझा प्रबंध बचावला. आणि जास्तीचं एक प्रकरण मिळालं."

"पण तुम्ही..."

बाई डबीवर वाकल्या होत्या. ह्यांच्यावर कुणीच चालून आलं नव्हतं. एका म्हातारीचा हात हलला, एवढंच झालं होतं. पण पहारेकऱ्यांनी ते मनावर घेतलं आणि जपून ठेवलं, आणि खरा मारेकरी आला तेव्हा ते उपयोगी पडलं. ही आठवण म्हणजे काय, नुसतं सावध होणं? आपल्या अंगात अशा किती असतील, ज्यांचे चेहरे आपल्याला सांगता येणार नाहीत? सर असते तर म्हणाले असते, बसा. बाई बसल्या.

दुपारी भिंगरी तिने लिहिलेला भाग वाचून दाखवू लागली. एका वाक्याशी तिचा आवाज घाईत आला: "'हाताळताना बसलेल्या किरकोळ धक्क्यांमुळे आधीच्या फेऱ्यांमध्ये...'"

"थांब. कुणाच्या हाताळण्यात?"

"तसं लिहायची गरज नाही, बाई."

"तू हाताळलंस असं वाचणारा समजेल. लिही: कंट्रोलच्या अळ्या निवडणाऱ्या व्यक्तीच्या उजव्या हाताला कंप असल्यामुळे."

"लोक विचारतील, कोण व्यक्ती."

"विचारू देत. आणि किरकोळ काढून टाक. किरकोळ असता तर ह्या मेल्या असत्या."

भिंगरीने लिहिलं.

"सरांना मी सांगते," बाई म्हणाल्या. "टेबलाचं काय करायचं ते त्यांना ठरवू दे. मामांना म्हणावं, बरण्या इथून..."

"बरण्या इथेच राहतील," भिंगरी ताडकन म्हणाली. "मला निवडता येत नाही. मी चमच्याने उचलल्या त्यातल्या दोन मुळातच आजारी होत्या, यीस्ट द्यायच्या आधीच मान टाकून बसलेल्या. तुमच्या डब्यांत एकही तशी नव्हती. हादरलेल्या असतील, पण निवड बघा ना कशी होती! ते मला कोण शिकवणार? मामा?"

"ते शिकवता येत नाही. तळव्याला कळतं."

"मग तळव्याला काय कळतं ते सांगा. तोंडाने."

बाईंनी आजवर ते कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. भिंगरीने बरणी पुढे ओढली, भुसा बाजूला सारला आणि एक अळी आपल्या तळव्यावर घेतली. तो हात अगदी स्थिर होता. बाईंना त्याचा क्षणभर हेवा वाटला, आणि तो त्यांनी वाटू दिला.

"बोला."

"भरीव आहे का बघ."

"भरीव म्हणजे? जाड?"

"जाड नव्हे. जाड अळी ऐदी असते. भरीव म्हणजे... बोट लावलं की दबते आणि परत वर येते. पण रागाने नाही."

"अळीला राग येतो?"

"येतो तर. रागावलेली आखडते, जिलबी होते. तिला बाजूला ठेव, ती आधीच कशाने तरी दुखावलेली आहे."

भिंगरीने बोट लावलं, मान तिरकी करून विचार केला, ती अळी डबीत सोडली आणि दुसरी घेतली.

"ही आखडत नाही. पण परतही येत नाही. हिला काय म्हणायचं?"

बाईंनी हात मांडीवर ठेवले, खुर्ची पुढे घेतली आणि त्या तळव्यावर वाकल्या. अशी अळी त्यांच्या हाताखालून हजारदा गेली होती, आणि दर वेळी हाताने ती बाजूला टाकली होती. का टाकली हे त्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं.

"थांब," त्या म्हणाल्या, "सांगते," आणि शब्द शोधू लागल्या.